शिंपी जॉन वूलमन : अन्यायाचा कागद न लिहिणारा मनुष्य

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक विचार पुष्कळदां ऐकूं येतो. तो असा कीं, जगांत अन्याय फार आहे हें खरें, परंतु तो दूर करणें हें राजांचें, सरकारचें आणि विद्वान लोकांचें काम होय. आपण गरीब माणसें, आपल्या हातीं प्रार्थना करण्यापलीकडे काय आहे? प्रार्थना ही थोर गोष्ट आहे ह्यांत संशय नाहीं. परंतु प्रार्थनेवरून उठल्यावर आपले हात कोणत्या कामास लागतात, हेंहि देव पाहतो. म्हणून आज आम्ही वाचकांपुढें अशा एका पुरुषाचें चरित्र ठेवितों, कीं ज्याच्यापाशीं राज्य नव्हतें, द्रव्य फारसें नव्हतें, मोठ्या पाठशाळेचें शिक्षणहि नव्हतें. तो शिंपी होता, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कागद लिहून देत असे. त्याचें नांव जॉन वूलमन.

जॉन वूलमन ह्यांचा जन्म १९ ऑक्टोबर १७२० रोजीं उत्तर अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांत, रँकोकस नदीजवळच्या एका शेतकरी कुटुंबांत झाला. त्या काळीं तो मुलूख इंग्लंडच्या राजाच्या ताब्यांत होता. आईबापांस तेरा मुलें होतीं. घराणें क्वेकर पंथाचें होतें. ह्या पंथाचे लोक एकमेकांस मित्र म्हणत. त्यांच्यांत पगारी पाळक नसे. उपासनेच्या वेळीं सर्वजण शांत बसून देवाच्या आत्म्याची वाट पाहत, आणि ज्यास आंतून प्रेरणा होई तो उठून बोले. ते युद्धांत भाग घेत नसत, शपथ वाहत नसत, आणि पोषाख साधा करीत. रविवारची उपासना आटोपली म्हणजे जॉनचे आईबाप मुलांस जवळ बसवून पवित्र शास्त्र व दुसरीं धर्मपर पुस्तकें पाळीपाळीनें वाचावयास लावीत. ह्या वाचनाचा ठसा मुलाच्या मनावर खोल उमटला.

जॉन लहान असतां एके दिवशीं एका शेजाऱ्याच्या घरीं जात होता. वाटेंत रॉबिन जातीची एक पक्षीण घरट्यावर बसलेली त्यास दिसली. तो जवळ येतांच ती उडाली, परंतु पिलांच्या काळजीनें भोंवतीं घिरट्या घालून ओरडूं लागली. जॉननें दगड मारले. त्यांतील एक लागून ती मरून पडली. प्रथम त्यास आपल्या नेमाचें कौतुक वाटलें. परंतु थोड्याच वेळानें त्याचें मन भयानें व्याकुळ झालें. ती निरपराध माता आपल्या पिलांस सांभाळीत असतां आपण केवळ खेळासाठीं तिचा जीव घेतला, आणि आतां तीं पिलें भुकेनें तडफडून मरतील, हें मनांत येऊन तो झाडावर चढला, व त्यानें पिलांसहि मारून टाकिलें. एका क्रूर कृत्याच्या पाठोपाठ दुसरें क्रूर कृत्य कसें करावें लागतें, हें तो त्या दिवशीं शिकला. देवानें मनुष्याच्या हृदयांत दयेचें बीज ठेविलें आहे, आणि तें तुडविलें तर मनुष्य कठोर होत जातो, ही गोष्ट तो कधीं विसरला नाहीं.

वयाच्या एकविसाव्या वर्षीं वूलमन माउंट हॉली नांवाच्या गांवीं एका दुकानदाराकडे नोकरीस राहिले. दुकान सांभाळणें व हिशेबाच्या वह्या लिहिणें हें त्यांचें काम होतें. त्या काळीं अमेरिकेंत गुलामगिरी सर्वत्र चालूं होती. आफ्रिकेंतून माणसें जहाजांत कोंबून आणीत, बाजारांत उभीं करून विकीत, आणि गुलाम स्त्रीच्या पोटीं आलेलें मूल जन्मतःच धन्याची मालमत्ता ठरे. हें करणारे लोक ख्रिस्ताचें नांव घेणारे होते. क्वेकरांमध्येंहि पुष्कळांच्या घरीं गुलाम होते. ह्याविरुद्ध कोणीच बोललें नव्हतें असें नाहीं; १६८८ सालीं जर्मनटाउन येथील कांहीं क्वेकरांनीं लेखी निषेध केला होता. परंतु वरच्या सभांनीं तो कागद बाजूस ठेविला, आणि व्यवहार पूर्वीप्रमाणेंच चालूं राहिला.

सुमारें १७४२ सालीं एके दिवशीं धन्यानें आपल्या घरची एक आफ्रिकन स्त्री विकली, आणि वूलमन ह्यांस तिचें खरेदीखत लिहावयास सांगितलें. विकत घेणारा गृहस्थ तेथेंच वाट पाहत होता. काम अचानक पुढें आलें. गाईचा किंवा घोड्याचा कागद लिहावा तसा एका मनुष्याचा कागद लिहावयाचा, ह्या विचारानें त्यांचें मन अस्वस्थ झालें. परंतु ते वर्षाच्या करारानें राहिलेले नोकर होते. सांगणारा त्यांचा धनी होता. आणि घेणारा त्यांच्याच पंथांतील एक वयोवृद्ध मनुष्य होता. ह्या तीन कारणांपुढें त्यांचें मन नमलें, आणि त्यांनीं तो कागद लिहिला. मात्र तो पुरा करतेवेळीं त्यांस इतकें दुःख झालें कीं, धनी व तो वृद्ध ह्या दोघांसमक्ष त्यांनीं स्पष्ट सांगितलें कीं, गुलाम बाळगण्याची चाल ख्रिस्ती धर्माशीं जुळत नाहीं असें आपणांस वाटतें.

वाचकहो, येथें क्षणभर थांबा. सत्य बोलणें झालें, परंतु कागदहि झाला, आणि ती स्त्री विकली गेलीच. बोलून टाकिल्यामुळें वूलमन ह्यांच्या मनास थोडें हलकें वाटलें; तथापि पुढें जेव्हां जेव्हां त्यांनीं ह्या गोष्टीचा विचार केला, तेव्हां तेव्हां त्यांस वाटलें कीं, आपण तें काम करण्याचेंच नाकारावयास पाहिजे होतें. तोंड एक सांगतें आणि हात दुसरें करितो, ह्यांतील अंतर त्यांनीं त्या दिवशीं ओळखलें. त्यांचें पुढील सर्व आयुष्य हें अंतर नाहींसें करण्यांत गेलें. ह्या थोर पुरुषाच्या सेवेचा आरंभ एका पराजयापासून झाला, ही गोष्ट आम्हां दुर्बळ माणसांस मोठी धीर देणारी आहे.

कांहीं काळानें त्यांच्याच पंथांतील एका तरुणानें एका गुलामाचा कागद लिहून मागितला. ह्या वेळीं वूलमन ह्यांनीं सौम्यपणें परंतु निश्चयानें नकार दिला. तेव्हां त्या तरुणानेंहि मोकळेपणीं कबूल केलें कीं, गुलाम ठेवणें आपल्याहि मनास पुरतें रुचत नाहीं, परंतु ती स्त्री आपल्या पत्नीस देणगी म्हणून आली आहे. पुढें मृत्युपत्रें लिहून देण्याचें कामहि वूलमन ह्यांच्याकडे येऊं लागलें. हें काम किफायतीचें होतें, आणि गिऱ्हाइकांस नाराज करणें कोणास आवडतें? परंतु ज्या मृत्युपत्रांत गुलाम हे मुलांस वारसा म्हणून द्यावयाचे असत, तें लिहिण्यास ते नकार देत.

एकदां एका शेजाऱ्यास जबर मार लागला. त्या काळच्या रीतीप्रमाणें रक्त काढण्यासाठीं त्यानें वूलमन ह्यांस बोलाविलें, आणि नंतर आपलें मृत्युपत्र लिहून घेण्यास सांगितलें. त्याच्या घरीं एक गुलाम मुलगी होती, व ती कोणत्या मुलास द्यावयाची हेंहि त्यानें सांगितलें. वूलमन ह्यांनीं बाकीचा सर्व मजकूर लिहिला, मुलीविषयींचा तेवढा सोडला, आणि खाटेजवळ येऊन तो वाचून दाखविला. मग त्यांनीं प्रेमानें सांगितलें कीं, ज्या कागदानें एखादा मनुष्य गुलाम होतो तो लिहिला असतां आपल्या जिवास शांति राहणार नाहीं; लिहिलें त्याचें आपण कांहीं घेत नाहीं; राहिलेला भाग दुसऱ्या कोणाकडून लिहवून घ्यावा. ह्यावर त्या दोघांचें गंभीरपणें बोलणें झालें. शेवटीं तो आजारी मनुष्य त्या मुलीस मुक्त करण्यास कबूल झाला, आणि वूलमन ह्यांनीं मृत्युपत्र पुरें केलें. दुसरा एक वृद्ध गृहस्थ नकार ऐकून परत गेला होता. तो पुढें पुन्हां आला, पुन्हां त्यास नकार मिळाला, आणि मग कांहीं दिवसांनीं तो आपले गुलाम मुक्त करण्याचा मजकूर घेऊन आला. तो मात्र वूलमन ह्यांनीं आनंदानें लिहून दिला. नकार देतांना त्यांनीं कोणाचा अपमान केला नाहीं, म्हणूनच नकार मिळालेलीं माणसें त्यांच्याकडे परत येऊं शकलीं.

१७४६ सालीं वूलमन आपल्या एका सोबत्याबरोबर दक्षिणेकडील मेरिलंड, व्हर्जिनिया व नॉर्थ कॅरोलायना ह्या प्रांतांत सुवार्तेच्या फेरीवर गेले. तीन महिन्यांत त्यांनीं सुमारें १५०० मैल प्रवास केला. तेथें त्यांनीं पाहिलें कीं, जे धनी स्वतः कष्ट करीत व साधेपणानें राहत, त्यांच्या घरीं गुलामांचें ओझें कांहींसें हलकें असे. परंतु जे ऐषआरामांत लोळत, त्यांच्या सुखाचा सर्व भार गुलामांच्या पाठीवर पडे. गुलामगिरीनें केवळ गुलामांचा नव्हे, तर धन्यांचा व त्यांच्या मुलांचाहि नाश होतो, हें त्यांस दिसून आलें. कारण जीं मुलें श्रमास तुच्छ मानून वाढतात, तीं आळसांत व गर्वांत बुडतात. परत आल्यावर त्यांनीं ह्या विषयावर एक निबंध लिहिला. त्यांचे वडील १७५० सालीं मरणशय्येवर असतां त्यांनीं त्या निबंधाची आठवण काढून तो छापण्याविषयीं मुलास उत्तेजन दिलें. १७५४ सालीं तो छापून प्रसिद्ध झाला, आणि १७६२ सालीं त्याचा दुसरा भाग निघाला.

ह्या दरम्यान १७४९ सालीं सेरा एलिस नांवाच्या सुशील स्त्रीशीं त्यांचा विवाह झाला. त्यांस एक कन्या झाली. एक पुत्रहि झाला, परंतु तो तान्हेपणींच वारला. वूलमन ह्यांनीं शिवणकाम शिकून घेतलें होतें, आणि त्यास जोडून दुकानहि घातलें होतें. दुकान चांगलें चालूं लागलें. परंतु त्यांनीं पाहिलें कीं, माल बहुधा उधारीवर विकला जातो. गरीब लोक ऐपतीपेक्षां अधिक घेतात, कर्जांत पडतात, आणि मग सावकार त्यांस न्यायालयांत खेंचतो. म्हणून ते गरीब गिऱ्हाइकांस उपयोगी व कमी किंमतीच्या वस्तु घेण्याचा सल्ला देत. कोणता दुकानदार असें करील? पुढें धंदा इतका वाढला कीं, देवाच्या कामास वेळ मिळेना. तेव्हां १७५६ च्या सुमारास त्यांनीं व्यापार हळूहळू बंद केला, गिऱ्हाइकांस दुसरीं दुकानें दाखवून दिलीं, आणि शिवणकाम व फळझाडांची लहानशी बाग एवढ्यावर संसार चालविला.

१७५७ सालीं ते पुन्हां दक्षिणेकडे गेले, तेव्हां त्यांच्यापुढें एक नवीन अडचण उभी राहिली. प्रचारकांस घरोघर फुकट जेवण व बिछाना मिळे. परंतु तें अन्न शिजविणारे, पाणी आणणारे, घोड्यास चारा घालणारे हात गुलामांचे होते, आणि त्यांस मजुरी मिळत नव्हती. मग हें आतिथ्य खरें पाहतां कोणाचें? वूलमन ह्यांनीं बरोबर चांदीचीं लहान नाणीं घेतलीं. घर सोडतांना ते कधीं तीं स्वतः गुलामांच्या हातीं देत, तर कधीं घरधन्यास एकीकडे बोलावून गुलामांस वाटण्यासाठीं देत. असें करितांना त्यांस फार संकोच वाटे, आणि यजमानासहि तें खटके. तरी पुष्कळांनीं तीं नाणीं निमूटपणें घेतलीं. त्या लहान नाण्यांनीं जो उपदेश केला तो तासाभराच्या व्याख्यानानेंहि झाला नसता.

१७५८ सालीं फिलाडेल्फिया येथें क्वेकरांची वार्षिक सभा भरली. गुलामांचा प्रश्न निघाला. चाल चांगली आहे असें उघडपणें कोणीच म्हटलें नाहीं. परंतु कित्येकांचें म्हणणें पडलें कीं, घाई करूं नये, देव आपल्या वेळीं मार्ग काढील, तोंपर्यंत धीर धरावा. दिरंगाईनें अशा रीतीनें भक्तीचा पोषाख घातला होता. वूलमन बराच वेळ स्तब्ध बसले होते. मग ते उठले. त्यांनीं सांगितलें कीं, दडपलेल्या लोकांचा आक्रोश देवाच्या कानीं पोहोंचला आहे; आपलें कर्तव्य काय हें त्यानें आपणांस दाखविलें आहे; तें समजूनहि कांहीं लोकांच्या खासगी फायद्याकडे पाहून, किंवा त्यांच्या मैत्रीस जपून, आपण जर तें टाळूं, तर देव आपणांस भयंकर रीतीनें उत्तर देईल. त्या शब्दांनीं सभा हालली. गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांस मंडळीच्या कारभारांत भाग घेऊं देऊं नये असें ठरलें, आणि गुलाम बाळगणाऱ्या बंधूंस घरीं जाऊन भेटण्यासाठीं कांहीं माणसें नेमिलीं. त्यांत वूलमन होते.

ठराव पास करणें सोपें आहे. ठरावाच्या पाठीमागून लोकांच्या दारीं जाणें कठीण. वूलमन ह्यांनीं हें दुसरें काम पत्करिलें. ते श्रीमंतांच्या घरीं जाऊन बसत, शांतपणें बोलत, कधीं नुसतेच अश्रु ढाळीत. जाण्यापूर्वीं त्यांचें मन भीतीनें कांपे, असें त्यांनीं आपल्या रोजनिशींत नमूद केलें आहे. १७६० सालीं न्यूपोर्ट बंदरांत त्यांस कळलें कीं, आफ्रिकेंतून नुकतेच पुष्कळ गुलाम आणले आहेत, आणि त्यांस विकणारा मनुष्य आपल्याच पंथाचा आहे. तें ऐकून त्यांचें अन्नावरचें मन उडालें. तरीहि त्यांनीं त्या गांवच्या गुलामधारकांस शाप दिला नाहीं. त्यांस एकत्र बोलावून बंधुभावानें त्यांच्याशीं बोलणें केलें.

जो दुसऱ्यांस शिकवितो त्यानें आधीं आपलें घर झाडावें, हें वूलमन जाणत होते. वेस्ट इंडीज बेटांतील साखर, काकवी व रम ह्या वस्तु गुलामांच्या अतोनात श्रमांनीं तयार होतात हें समजल्यावर त्यांनीं त्या वापरण्याचें सोडलें. कपड्यांस दिलेला रंग मळ झांकतो, परंतु घालवीत नाहीं, आणि त्यावर व्यर्थ खर्च होतो, असें मनास पटल्यावरून त्यांनीं १७६१ च्या सुमारापासून न रंगविलेले कपडे घालण्यास आरंभ केला, व पुढें टोपीहि तशीच घेतली. लोक हंसत, कित्येक मित्र दूर राहूं लागले. त्यांस स्वतःस निराळें दिसण्याची हौस नव्हती, उलट त्याचें दुःखच होई. परंतु अन्यायाचा धागा आपल्या अंगावर व आपल्या ताटांत कोठवर आला आहे, हें एकदां दिसल्यावर डोळे मिटून बसणें त्यांस शक्य झालें नाहीं.

आतां आम्ही एक अशी गोष्ट सांगतों, कीं जी आमच्या मतें ह्या चरित्राचें हृदय आहे. पूर्वीं एका मयताच्या इस्टेटीची व्यवस्था वूलमन व दुसरा एक गृहस्थ ह्यांच्याकडे होती. त्या वेळीं एका आफ्रिकन मुलास तिसाव्या वर्षापर्यंत नोकरींत राहण्याच्या अटीनें विकून त्याचे पैसे इस्टेटींत जमा केले होते. गोऱ्या मुलांची उमेदवारी एकविसाव्या वर्षीं संपत असे. म्हणजे नऊ वर्षें त्या मुलावर अन्याय होणार होता. पुढें कित्येक वर्षांनीं ही गोष्ट वूलमन ह्यांच्या मनास बोंचूं लागली. एवढा काळ ते गुलामगिरीविरुद्ध बोलत, लिहीत व फिरत होते, आणि त्यांच्याच हातची ही चूक मागें तशीच पडली होती. जुनें प्रकरण, कायद्यानें मिटलेलें, पैसे दुसऱ्यांस मिळालेले, असें म्हणून ते गप्प बसूं शकले असते. परंतु त्यांनीं हिशेब केला: विश्वस्त दोन, अन्यायाचीं वर्षें नऊ, म्हणून आपला वांटा साडेचार वर्षें. त्या मुलाच्या शेवटच्या साडेचार वर्षांची वाजवी किंमत त्याच्या धन्यास आपण भरूं, असा करारनामा त्यांनीं स्वतःस व आपल्या वारसांस बांधून घेऊन लिहून दिला. ज्या लेखणीनें तारुण्यांत एका स्त्रीस विकलें, तीच लेखणी आतां एका तरुणाच्या सुटकेसाठीं स्वतःच्या खिशावर चालली. जक्कयानें झाडावरून उतरून प्रभूसमोर जें केलें, तेंच ह्या शिंप्यानें केलें. पश्चात्ताप हा अश्रूंनीं सुरू होतो, परंतु तो परतफेडीनें पुरा होतो.

अमेरिकेच्या मूळच्या रहिवाशांविषयींहि त्यांच्या मनांत अशीच कळकळ होती. गोऱ्या लोकांनीं त्यांच्या जमिनी घेतल्या होत्या, आणि दारू पाजून त्यांचीं कातडीं लुबाडण्याचा व्यापार चालविला होता. १७६३ सालीं सरहद्दीवर लढाया चालूं असतां वूलमन सस्क्वेहाना नदीवरील व्यालुसिंग गांवीं त्यांस भेटण्यास गेले. त्यांस शिकविण्याआधीं त्यांच्या मनांत काय आहे हें जाणून घ्यावें, अशी त्यांची इच्छा होती. एका सभेंत त्यांनीं दुभाष्यांवांचूनच प्रार्थना केली. शब्द समजले नसतांहि पापुनहँग नांवाच्या पुढाऱ्यानें मागून सांगितलें कीं, शब्द जेथून निघतात तें स्थान अनुभवणें आपणांस आवडतें.

१७७० सालीं वूलमन फार आजारी पडले. त्या आजारांत त्यांनीं एक दृष्टांत पाहिला. दुःखांत पिचलेल्या माणसांचा एक मोठा समूह त्यांस दिसला, आणि आपण त्यांच्यांतच मिसळून गेलों आहों, आपलें वेगळें नांव उरलेंच नाहीं, असें त्यांस वाटलें. मग त्यांनीं खाणींत राबणारे लोक पाहिले. ते ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांसाठीं धन उकरीत होते, आणि ख्रिस्ताच्या नांवास दूषण देत होते; कारण आपणांस पिळणारे हे ख्रिस्ताचे शिष्य आहेत असें त्यांस सांगितलें होतें. ज्याचे सेवक असे, तो स्वामी क्रूरच असला पाहिजे, असा त्यांनीं अर्थ केला. वाचकहो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. सुवार्तेच्या आड येणारा सर्वांत मोठा धोंडा म्हणजे ख्रिस्ती म्हणविणाऱ्याच्या हातून होणारा अन्याय होय.

१७७२ सालीं ते इंग्लंडास निघाले. जहाजाच्या चांगल्या खोलीस नक्षीकाम केलेलें होतें, आणि त्या व्यर्थ शोभेसाठीं भाड्याचे जादा पैसे देणें त्यांस प्रशस्त वाटेना. म्हणून ते खालच्या कोंदट जागेंत खलाश्यांबरोबर राहिले, व त्यांचे हाल त्यांनीं जवळून पाहिले. ८ जून रोजीं ते लंडनास पोहोंचले. त्याच महिन्यांत तेथील न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड ह्यांनीं सोमरसेट नांवाच्या गुलामाच्या खटल्यांत निकाल दिला कीं, धन्यास आपल्या गुलामास जबरदस्तीनें इंग्लंडबाहेर नेतां येणार नाहीं. वूलमन तेथून उत्तरेकडे पायीं निघाले. डाकगाड्यांचे घोडे चोवीस तासांत शंभर मैल पिटाळतां पिटाळतां मरत किंवा आंधळे होत, आणि हिंवाळ्याच्या रात्रीं डाक नेणारीं पोरें गारठून मरत, असें ऐकल्यावर त्यांनीं त्या गाड्यांत बसण्याचें नाकारिलें, आणि आपणांस टपालानें पत्रें पाठवूं नयेत असेंहि मित्रांस कळविलें. वाटेंत ते मजुरांची स्थिति पाहत गेले. पुष्कळ परगण्यांत मजुरास दिवसाचे १० पेन्स मिळत, आणि त्यांत त्यास आपली भाकरी पाहावी लागे. धान्याची व भाड्याची किंमत त्यांनीं रोजनिशींत टिपून ठेविली. गरिबांविषयीं कळवळा बाळगणाऱ्यानें त्यांच्या मजुरीचा आंकडा ठाऊक करून घेतला पाहिजे, हें आम्ही येथें शिकतों.

यॉर्क शहरीं पोहोंचल्यावर त्यांस देवी आल्या. थोडे दिवस आजार सोसून ७ ऑक्टोबर १७७२ रोजीं, वयाच्या एकावन्नाव्या वर्षीं, ते प्रभूकडे गेले. आपली पेटी ओक लांकडाची करूं नये, कारण तें लांकूड इतर कामांस अधिक उपयोगी पडतें, अशी त्यांची इच्छा होती. यॉर्क येथेंच त्यांस माती दिली.

मरणसमयीं त्यांनीं पेरलेल्या बीजाचें पीक दिसूं लागलें नव्हतें. १७७४ सालीं त्यांची रोजनिशी छापली गेली. १७७६ सालीं फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनें ठरविलें कीं, जो गुलामांस मुक्त करणार नाहीं तो सभासद राहणार नाहीं. १८०७ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटानें गुलामांचा व्यापार बंद केला, १८३३ सालीं आपल्या वसाहतींतून गुलामगिरी उठविण्याचा कायदा केला, आणि १८६५ सालीं अमेरिकेंत गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. हें सर्व एकट्या वूलमन ह्यांनीं केलें असें आम्ही म्हणत नाहीं. पुष्कळांनीं, आणि स्वतः गुलामांनींहि, त्यासाठीं झगडा केला व रक्त सांडलें. परंतु एक संबंध मंडळी कायद्याची वाट न पाहतां आपल्या हातांतील अन्याय सोडूं शकते, हें जगास दाखवून देण्यांत ह्या शिंप्याचा मोठा वांटा होता.

वेठ हा शब्द आमच्या वाचकांस नवा नाहीं; आपल्यांतील पुष्कळांच्या आजापणजांनीं ती सोसली आहे. भारतांत वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालीं झाला. तरीहि उचल घेऊन ती फेडतां फेडतां आयुष्य घालविणारीं कुटुंबें आपल्या आसपास आहेत. गांवांत ज्यास लिहितांवाचतां येतें, अशा आमच्या उपदेशक बंधूकडे कर्जाचा, जमिनीचा किंवा मजुरीचा कागद घेऊन कोणी ना कोणी येतच असतो. कागदावर अंगठा उठविणाऱ्यास त्यांतील मजकूर पुरता समजला आहे काय? ज्याचें हित त्यांत बुडत आहे तो मनुष्य बोलूं शकत नसेल, तर त्याच्यासाठीं कोण बोलेल? आणि आपण ज्यास कामास लाविलें, त्याची मजुरी आपण वेळेवर व पुरती दिली काय? प्रश्न लहान आहेत, परंतु वूलमन ह्यांचें सर्व जीवन अशाच लहान प्रश्नांचीं खरीं उत्तरें देण्यांत गेलें.

म्हणून, प्रिय बंधुभगिनींनो, मोठी संधि येईल तेव्हां न्याय करूं असें म्हणून बसूं नका. आज जो कागद पुढें येईल, जी मजुरी द्यावयाची असेल, ज्या बंधूच्या दारीं जाण्यास मन कचरत असेल, तेथूनच आरंभ करा. पूर्वीं हातून चुकीचा कागद लिहिला गेला असला तरी निराश होऊं नका. तो हिशेब काढा, आणि जेवढें परत करतां येईल तेवढें करा. आमचा प्रभु सुतार होता. त्याच्या राज्यांत शिंप्याच्या सुईस व कारकुनाच्या लेखणीस काम आहे, आणि तें तुम्हांआम्हांसाठीं अजून शिल्लक आहे.